वाचक विचारतात: टायगर 900, जीटी घेऊ की रॅली?

प्रश्न: दादा, राहतो खारघरला, ऑफिस ठाण्यात वागळे इस्टेटला, येऊनजाऊन साठेक किलोमीटर. उंची 5 फूट 6 इंच, वजन 70. ट्रायम्फ टायगर 900 ही बाईक घ्यायचं नक्की झालंय पण जीटी प्रो की रॅली प्रो यात महिनाभर अडकलोय. शनिवार-रविवार माळशेज नाहीतर कसारा, आणि पुढच्या वर्षी बायकोला मागे बसवून स्पिती करायचीय. ग्रुपमधले म्हणतात स्पितीला जायचं तर रॅलीच, जीटी म्हणजे शहरातली गाडी. रॅली दिसायलाही भारी आहे हे खरं. पण स्पोकच्या चाकात ट्यूब असणार ना, कसाऱ्याला पंक्चर झाली तर काय करू?
– एक वाचक, खारघर

उत्तर: ट्यूबची भीती आधी सोड मित्रा, रॅली प्रोची चाकं स्पोकची असली तरी ट्यूबलेसच आहेत, पंक्चर किट दोन्हीला सारखंच चालतं. इंजिनही तेच, 888 सीसी तीन सिलिंडर, 108 पीएस, टाकी दोन्हीला 20 लिटरची. म्हणजे भांडण फक्त चाक, सस्पेन्शन आणि उंचीचं.

आणि तुझ्या बाबतीत उंचीवरच निकाल लागतो असं मला वाटतं. जीटी प्रोची सीट 820 ते 840 मिलिमीटर, रॅली प्रोची 860 ते 880. कागदावर चार सेंटिमीटरचा फरक वाटतो, पण 5 फूट 6 च्या माणसाला जीटीवर तळव्याचा पुढचा भाग टेकतो आणि रॅलीवर नुसत्या बोटांवर उभं राहायचं, तेही सव्वादोनशे किलोची गाडी धरून. आता कळवा नाक्याचा संध्याकाळचा ट्रॅफिक डोळ्यासमोर आण, दर दहा फुटांवर पाय खाली, एका बाजूला रिक्षा, दुसऱ्या बाजूला खड्डा, आणि पाय नेमका त्या खड्ड्यातच गेला की गाडी आडवी. मी स्वतः अशीच एक उंच गाडी माळशेजला चहाच्या टपरीसमोर उभ्या उभ्या पाडलीये, स्पीड शून्य, आणि बघायला अख्खी बस थांबलेली! बायको मागे असेल तर तिलाही तेवढ्या उंचावर पाय टाकून चढायचंय, बाजूला पॅनिअर (सामानाचे डबे) लावलेले असताना, हे तिला विचारलंस का?

रॅलीच्या बाजूनेही बोलतो, नाहीतर म्हणशील दादा एकतर्फी आहे. पुढचं 21 इंची चाक आणि पुढे 240, मागे 230 मिलिमीटर ट्रॅव्हल (म्हणजे वरखाली होण्याची जागा) असलेलं सस्पेन्शन, त्यामुळे दगड, चर, तुटलेला डांबराचा काठ यावरून ती उभ्याने चालवताना मजा काही वेगळीच. जीटीचं अलॉय (ओतीव धातूचं) चाक जोरात आदळलं की वाकतं किंवा तडकतं, स्पोकचं चाक बऱ्याचदा सरळ करून घेता येतं. पण तेच मोठं चाक घाटाच्या वळणात जरा आळशी वाटतं आणि लांब सस्पेन्शनमुळे ब्रेक मारला की नाक जास्त खाली जातं. जीटीला 19 इंची चाक, पुढे 180 आणि मागे 170 ट्रॅव्हल, घोडबंदरच्या खड्ड्यांना तेवढं पुरतं, फक्त स्पीड आवरायचा.

डबल सीटवाल्यांनी एक गोष्ट नीट बघावी. मागे माणूस आणि सामान आलं की गाडीची मागची बाजू बसते, हेडलाइट वर जातो आणि हँडल हलकं लागतं. जीटी प्रोला मागचं सस्पेन्शन बटणाने सेट होतं, एकटा असशील तर एक सेटिंग, दोघं असाल तर दुसरं. रॅलीला हे हाताने करायचं, आणि हाताने करायचं म्हटलं की आपण करतच नाही.

राहिली स्पिती. मनालीकडून स्पितीला जाताना लागणारा ग्राम्फू ते बातल आणि पुढे कुंझुम खिंडीपर्यंतचा रस्ता वाईटच आहे, पण तिथे लोक स्प्लेंडर घेऊनही जातात. तिथे जीटीला अडचण आली तर ती टायरमुळे येईल, चाकाच्या मापामुळे नाही. म्हणून निघायच्या आधी थोडे खडबडीत टायर टाक, आणि नाले सकाळी लवकर ओलांड, दुपारी बर्फ वितळून पाणी वाढतं.

वर्षातले दहा दिवस स्पिती आणि बाकीचे दिवस ठाणे-बेलापूर रोड, त्यामुळे मी जीटी प्रोच म्हणेन. (एक्सप्रेसवे, समृद्धी, अटल सेतू, तिन्हीकडे आपल्या दुचाकींना बंदी, म्हणजे बाहेर पडायचं तरी जुना पुणे हायवे नाहीतर नाशिक हायवेच.) उद्या एकट्याने मातीत ट्रेनिंग घ्यायचं डोक्यात असेल, पडणं-उचलणं मान्य असेल, तर मात्र रॅली घे आणि लो सीट (कमी उंचीची सीट) बसवून बघ. पैसे भरायच्या आधी दोन्ही गाड्या बायकोला मागे बसवून चालव आणि एकदा बेसमेंटच्या उतारावर थांबवून मागे ढकलून बघ.

प्रश्न: माझ्याकडे जीटी आहे, पुढे 21 चं चाक टाकलं तर रॅली होईल का?
– एक वाचक, घोडबंदर रोड

उत्तर: नाही रे. नुसतं चाक बदललं तर गाडीचं नाक वर उचललं जाईल, हँडलिंग बिघडेल, मडगार्डला चाक घासेल की नाही तो वेगळाच प्रश्न, आणि एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चाकाच्या फेऱ्या मोजून चालतो त्याचाही हिशोब चुकेल. सस्पेन्शन तर जीटीचंच राहणार. तेवढ्या पैशात चांगला बॅशप्लेट (इंजिनखालचा संरक्षक पत्रा) आणि टायरची जोडी येईल, ती घे.