शेवाळासाठी बाटली नको, आधी दिवा कमी करा

तुमची 30 लिटरची माशांची टाकी, दोन महिने जुनी, खिडकीशेजारी. दिवा सकाळी 9 ते रात्री 9. काचेवर शेवाळाचे हिरवे धागे आणि अनुबियास या पाणवनस्पतीच्या पानांच्या कडांना काळे गोंडे. दुकानातून आणलेलं शेवाळनाशक टाकू का, असं तुम्ही विचारलंय. टाकू नका. अशा बऱ्याच औषधांत तांबं असतं, आणि तांब्याने कोळंबी मरते. तुमच्याकडे तर चेरी श्रिंप, म्हणजे छोट्या कोळंब्याच आहेत. माझ्या पहिल्या टाकीत मी हीच चूक केली आणि दुसऱ्या सकाळी सगळे श्रिंप तळाशी पडलेले दिसले. शेवाळ मात्र पंधरा दिवसांत परत आलं, कारण त्याला वाढवणारा उजेड तसाच होता.

तुमच्या टाकीतही मूळ तिथेच आहे. बारा तास दिवा आणि वर खिडकीचं ऊन. एवढा उजेड वापरायला वेगाने वाढणारी झाडं हवीत. तुमच्याकडे अनुबियास आणि जावा फर्न आहेत, दोन्ही अगदी संथ. उरलेला उजेड शेवाळ वापरतं. म्हणून आजच साधा टायमर लावा, रोज 6 तास, रोज त्याच वेळी. टाकी हलवणं शक्य नसेल तर खिडकीकडच्या बाजूला बाहेरून काळा कागद चिकटवा.

मग हॉर्नवर्ट किंवा वॉटर स्प्राइट अशी वेगाने वाढणारी पाणवनस्पती मूठभर आणा आणि पाण्यावर तरंगत सोडा. हायग्रोफिला मिळाली तर तीही लावा. आपल्याकडे ओढ्याकाठी दिसणाऱ्या तालीमखान्याच्याच प्रजातीतली ती. ही झाडं माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया आणि नायट्रेट भराभर ओढून घेतात. शेवाळ दिसलं की खत बंद करायचं, असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. मला तो पटत नाही. उपाशी आधी झाडं पडतात, त्यांची पानं सडायला लागतात आणि शेवाळ नेमकं त्याच पानांवर बसतं. बाटलीवरच्या मात्रेच्या निम्मं खत चालू ठेवा.

काळे गोंडे वेगळे. दिसायला काळे असले तरी ते लाल शेवाळाच्या गटातले, म्हणून मरताना गुलाबी होतात. साचलेली घाण आणि कार्बन डायऑक्साइडचं कमीजास्त होणं त्यांना मानवतं. जी पानं पूर्ण माखलीत ती देठापासून कापून टाका. बाकीच्यांसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा, पण 3 टक्क्यांचं. औषधाच्या दुकानात बहुधा 20 व्हॉल्यूमची बाटली मिळते, ती साधारण 6 टक्के असते. तेव्हा तितकंच शुद्ध पाणी मिसळा. फिल्टर बंद करा, सुई काढलेल्या सिरिंजने थेट गोंड्यावर हळूहळू सोडा आणि दहा मिनिटांनी फिल्टर सुरू करा. 30 लिटरला एका दिवसात 5 मिलीच्या वर जाऊ नका. टाकीत जावा मॉससारखी नाजूक वनस्पती असेल तर तिच्यावर पडू देऊ नका, ती जळते. तीन-चार दिवसांत गोंडे गुलाबी-पांढरे होतील, मग श्रिंपच ते खाऊन टाकतात.

दर आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदला, नळाचं असेल तर क्लोरिन काढून. फिल्टरचा स्पंज मात्र नळाखाली धरू नका. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, नाहीतर उपयोगी जिवाणू मरतात.

शेवाळ खाणारा मासा म्हणून बऱ्याचदा प्लेको दिला जातो. तो एक फुटाच्या पुढे जातो. 30 लिटरमध्ये त्याचे हाल होतात. त्यापेक्षा दोन नेराइट गोगलगायी आणा. काच छान साफ करतात, आणि त्यांची पांढरी अंडी चिकटलेली दिसली तरी गोड्या पाण्यात त्यातून पिल्लं होत नाहीत.

पहिल्या आठवड्यात फरक दिसणार नाही, घाबरून दुसरं काही टाकू नका. जुन्या पानांवरचं शेवाळ तसंच राहील. तिसऱ्या आठवड्यात येणारी नवी पानं बघा. ती स्वच्छ असली तर दिव्याची वेळ अर्ध्या-अर्ध्या तासाने वाढवायला हरकत नाही, पण 8 तासांपुढे जाऊ नका.