वाचकांचे प्रश्न : अभ्यासात मन का लागत नाही?

प्रश्न : वार्षिक परीक्षा तीन महिन्यांवर आली आहे. मी दर आठवड्याला नवे वेळापत्रक तयार करते, दोन-तीन दिवस ते पाळते आणि मग ते कोलमडते. एकेक धडा तीन-तीनदा वाचते, वाचताना सगळे समजतेही. पण चाचणीत उत्तरे आठवत नाहीत. त्यामुळे आता अभ्यासाला बसण्याची इच्छाच होत नाही. मन लागावे म्हणून काय करू? – एक विद्यार्थिनी

उत्तर : तुमची इच्छा आधी गेली आणि मग अभ्यास थांबला, असे झालेले नाही. तुम्ही अभ्यास केला, त्याचे फळ दिसले नाही आणि म्हणून इच्छा गेली. कष्ट करूनही पदरात काही पडत नसेल, तर मन माघार घेतेच. त्यात आळशीपणा नाही आणि बुद्धीची कमतरताही नाही. म्हणूनच मनाला समजावण्याच्या फंदात न पडता आधी अभ्यासाची रीत बदलावी, असे मला वाटते.

‘वाचताना सगळे समजते’ हीच खरी फसगत आहे. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने चार सत्रांत तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो फक्त पहिल्या सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत, उताऱ्याकडे न पाहता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता : सुमारे 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र वाचणाऱ्यांना जेमतेम 40 टक्के मजकूर आठवला आणि आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के. विशेष म्हणजे, आपल्या लक्षात जास्त राहील, अशी खात्री वाचणाऱ्या गटालाच अधिक होती. तुमचे नेमके हेच होत आहे. ओळखीची झालेली ओळ पाठ झाल्यासारखी वाटते, परंतु परीक्षेत ती ओळ समोर नसते.

म्हणून धडा एकदा लक्षपूर्वक वाचा, पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. उदाहरणार्थ, प्रकाशसंश्लेषणाचा धडा घ्या. पाणी, कार्बन डायऑक्साइड, सूर्यप्रकाश, हरितद्रव्य, ग्लुकोज, ऑक्सिजन, एवढे झरझर लिहून होईल आणि मग प्रश्न पडेल, की बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्यातून येतो की कार्बन डायऑक्साइडमधून? पेन तिथे थबकेल. आता पुस्तक उघडून तेवढीच गोष्ट शोधा. तो पाण्यातून येतो, हे अडल्यानंतर वाचलेले उत्तर जसे पक्के बसते, तसे चौथ्यांदा वाचल्यानेही बसत नाही. सुरुवातीला हा कागद अर्धा रिकामा राहील आणि त्याने वाईट वाटेल. ते वाटणे सोसावेच लागते, त्याला दुसरा उपाय नाही. मात्र दोन दिवसांनी तोच धडा पुन्हा लिहिताना रिकामी जागा कमी झालेली दिसते, आणि मन लागायला लागते ते इथून. रंगीत पेनांनी ओळी अधोरेखित करण्यात जाणारा वेळ मला सर्वांत वाया गेलेला वाटतो, कारण त्यात श्रम केल्याचे समाधान मिळते आणि हाती काहीच राहत नाही.

उजळणीत अंतर ठेवा. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून 1885 मध्ये दाखवून दिले, की पाठ केलेले आपण सुरुवातीला भराभर विसरतो आणि पुढे तो वेग मंदावतो. त्यामुळे एकाच बैठकीत पाच वेळा घोकण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग दोन आठवड्यांनी आठवून पाहणे कितीतरी फायद्याचे ठरते. तीन महिने हाताशी आहेत, म्हणजे यासाठी वेळ पुरेसा आहे.

वेळापत्रक कोलमडते, कारण ‘सहा ते नऊ विज्ञान’ असे लिहिले, की बसल्यावर नेमके काय करायचे हे ठरवण्यातच पहिला अर्धा तास जातो. त्याऐवजी ‘जेवण झाले, की लगेच टेबलाशी बसून तिसऱ्या धड्यातील पाच उदाहरणे सोडवीन’ असे लिहा. कधी, कुठे आणि काय हे आधीच ठरले असेल, तर काम पार पडण्याची शक्यता वाढते, असे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातून दिसून आले आहे. आठवड्यातील एक संध्याकाळ मुद्दाम मोकळी ठेवा. एखादा दिवस हुकला, तर तो तिथे भरून निघेल आणि सगळे वेळापत्रक फाडून नवे करण्याची वेळ येणार नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि जागरणे टाळावीत, कारण दिवसा शिकलेले झोपेतच पक्के होत असते.

प्रश्न : मुलगा परीक्षेच्या काळात पुस्तक घेऊन बसतो, पण त्याचे लक्ष नसते. सतत ‘अभ्यास कर’ म्हणून मीही थकले आहे. मी नेमके काय करावे? – एक आई

उत्तर : ‘अभ्यास झाला का?’ या प्रश्नाला ‘हो’ हे एकच उत्तर मिळते, तेव्हा तो विचारणे थांबवा. त्याऐवजी रोज पंधरा मिनिटे त्याच्यासमोर बसा आणि ‘आज जे वाचलेस, ते मला समजावून सांग’ असे म्हणा. विषय तुम्हाला येत नसला तरी बिघडत नाही, उलट तेच बरे. तुम्हाला कळेपर्यंत त्याला सोपे करून सांगावे लागेल. तो अडखळला, तर रागावू नका आणि घाईने उत्तरही सांगू नका. पुस्तक त्याच्या हाती द्या, ते त्यालाच शोधू द्या, आणि गुणांचा विषय त्या पंधरा मिनिटांत अजिबात काढू नका.