क्लॉड कोडमधला तपासणारा एजंट स्वतःच कोड बदलतो, त्याला कसं आवरायचं?

परभणीच्या मोंढ्यातल्या आडत दुकानांसाठी तुम्ही क्लॉड कोड (कोड लिहिणारा एआय असिस्टंट) वापरून पट्टीचं, म्हणजे माल विक्रीच्या हिशोबाचं, सॉफ्टवेअर लिहिताय. तपासणीसाठी वेगळा एजंट (मुख्य असिस्टंटच्या हाताखालचा मदतनीस, म्हणजे सबएजंट) केला, ‘काहीही बदलू नकोस’ असं बजावलं, तरी तो फाइली बदलतो, असं तुम्ही म्हणता. आधी त्या एजंटच्या व्याख्येच्या फाइलीत ‘टूल्स’ची, म्हणजे त्यानं कोणती साधनं वापरायची त्याची, ओळ आहे का बघा. ती वगळली की सबएजंटला मुख्य असिस्टंटची सगळी टूल्स आपसूक मिळतात, फाइल बदलणारीसुद्धा. सूचना म्हणजे विनंती. आवर बसतो तो टूल्सच्या यादीनं.

प्रोजेक्टमधल्या टिंबानं सुरू होणाऱ्या ‘क्लॉड’ फोल्डरात ‘एजंट्स’ फोल्डर हवं, आत प्रत्येक भूमिकेची एक मार्कडाउन फाइल. माथ्यावर तीन-तीन डॅशच्या दोन ओळी आणि त्यांच्यामध्ये नेम, डिस्क्रिप्शन, टूल्स, मॉडेल. हे शब्द इंग्रजीतच लिहा. नाव लहान अक्षरांत, मध्ये हायफन. त्याखालच्या सूचना मराठीत चालतात.

तपासणाऱ्याला रीड (फाइल वाचणारं), ग्रेप (मजकूर शोधणारं) आणि ग्लोब (नावावरून फाइली शोधणारं) एवढीच टूल्स द्या. टेस्ट चालवता याव्यात म्हणून बॅश (टर्मिनलच्या कमांड चालवणारं टूल) द्यायचा मोह होतो, आणि तिथंच घोळ होतो. बॅश हातात असलं की एडिट हे फाइल बदलणारं टूल काढून घेतल्याचा उपयोग नाही, सेड कमांडनं फाइल बदलता येतेच. टेस्टसाठी दुसरा एजंट करा.

डिस्क्रिप्शन वाचून मुख्य असिस्टंट काम कुणाकडे द्यायचं ते ठरवतो. ‘अनुभवी कोड तज्ज्ञ’ असं लिहिलं तर त्याला काहीच कळत नाही. ‘पट्टीच्या हिशोबाच्या फाइलीत बदल झाला की लगेच तपासणीसाठी वापर’ असं लिहा.

सूचनांवर मात्र वेळ घालवा. सबएजंटला तुमचं आधीचं बोलणं दिसत नाही, त्यामुळे मोंढ्याचे नियम त्याच फाइलीत हवेत: वजन किलोत, रक्कम पैशांत, दोन्ही पूर्णांक, भाव क्विंटलचा, हमाली-तोलाई कुठल्या टप्प्यावर वजा होते. सोबत एक सोडवलेला हिशोब द्या. सोयाबीन 37 क्विंटल 45 किलो, भाव 4,350 रुपये, तर कपातीआधी 1,62,907 रुपये 50 पैसे. अशा एका उदाहरणानं जे साधतं ते दहा ओळींच्या उपदेशानं साधत नाही. फाइल, ओळ, चूक आणि कारण अशा क्रमानं उत्तर मागा, कारण मुख्य असिस्टंटकडे त्याचा शेवटचा निरोपच पोचतो.

फाइल हातानं बनवली असेल तर सेशन बंद करून पुन्हा सुरू करा. त्याच नावाची भूमिका तुमच्या होम फोल्डरात असली तरी प्रोजेक्टमधली वरचढ ठरते.

एवढं करूनही कोड बदलला, तर तो बहुधा मुख्य असिस्टंटनं बदललेला असतो: तपासणीचा निरोप आला की तो स्वतःहून दुरुस्तीला लागतो. म्हणून तपासणीआधी शिफ्ट-टॅब दाबत प्लॅन मोडमध्ये (यात असिस्टंट फक्त वाचतो आणि आखणी करतो, फाइली बदलत नाही) जा, आणि अहवाल वाचून झाल्यावरच बाहेर या.