नाल्याच्या क्रॉस सेक्शनवरून पायथनमध्ये थ्रीडी पृष्ठभाग कसा काढायचा?

तुमच्याकडे नाल्याचे 12 क्रॉस सेक्शन, म्हणजे काठापासून काठापर्यंतचे आडवे छेद, आहेत, कुठे 9 बिंदू तर कुठे 17, आणि मॅटप्लॉटलिब या चित्रं काढणाऱ्या लायब्ररीचं प्लॉट-सरफेस ‘झेड द्विमितीय हवा’ म्हणत अडतं. अडणारच. त्याला एक्स, वाय, झेड हे तिन्ही सारख्या आकाराचे, ओळी-रकान्यांचे तक्ते लागतात. कमीजास्त लांबीच्या याद्यांचा तक्ता होत नाही.

प्रत्येक सेक्शनमध्ये डाव्या काठाला 0 आणि उजव्या काठाला 1 माना, मधली अंतरं त्याच प्रमाणात बसवा आणि नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीतल्या, मोजलेल्या बिंदूंमधल्या किमती काढणाऱ्या इंटर्पने सगळीकडे सारखेच, समजा 41, बिंदू काढा. तिन्हींचे. मग व्हीस्टॅकने एकाखाली एक रचा, एक सेक्शन म्हणजे एक ओळ. नाला वळत असला तरी चालतं. इंटर्पला अंतरं चढत्या क्रमानेच द्या. उलटी दिली तर ते तक्रार करत नाही, गुपचूप चुकीचे आकडे देतं.

एवढ्याने चित्र येईल, पण ते खरं असेलच असं नाही. आर्वी तालुक्यात आमच्या वावराला लागून नाला आहे, त्याचं मी असंच केलं होतं. पाचव्या सेक्शनला सगळ्यात खोल जागा डाव्या काठाशी, सहाव्याला वळणामुळे उजव्या काठाशी. चित्रात या दोघांच्या मधोमध पात्रात आडवा बांध आला. धुऱ्यावरून खाली उतरून पाहिलं, तर गुडघाभर पाणी डावीकडून उजवीकडे सलग वाहत होतं. बांध कोडने घातला होता: पाचव्यातला खोल बिंदू त्याने सहाव्यातल्या उथळ बिंदूला जोडला, आणि सहाव्यातला खोल बिंदू पाचव्यातल्या उथळाला.

म्हणून कोडआधी हे ठरवा की एका सेक्शनमधला कोणता बिंदू पुढच्या सेक्शनमधल्या कोणत्या बिंदूचा जोडीदार आहे. मी प्रत्येक सेक्शन खोल जागेवर तोडला. डावा काठ ते खोल जागा 0 ते 0.5, तिथून उजवा काठ 0.5 ते 1, दोन्ही भागांत 21-21 बिंदू, मधला सामाईक. मग 41 मधला एकविसावा रकाना म्हणजे पाण्याची वाट. बांध गेला.

विखुरलेले बिंदू त्रिकोणांनी जोडून पृष्ठभाग बनवणारं सायपायचं ग्रिडडेटा वापरा, असं कोणी सांगेल. सेक्शनवर बिंदू दर मीटरला आणि सेक्शन 25 मीटरवर, अशा मोजणीत त्याचे त्रिकोण लांबट होतात आणि उतारावर खोट्या पायऱ्या दिसतात. शिवाय वळणाच्या आतल्या बाजूची, न मोजलेली जमीनही ते भरून टाकतं. मी ते सोडलं.

लेव्हलने (उंची मोजायच्या दुर्बिणीने) मोजलं असेल तर स्टाफचं (उभ्या मोजपट्टीचं) रीडिंग थेट झेड म्हणून देऊ नका. खोल जागी रीडिंग मोठं येतं, त्यामुळे नाल्याचा डोंगर होतो. आधी आरएल, म्हणजे एका ठरलेल्या पातळीपासूनची उंची, काढा. आणि 50 पेक्षा जास्त ओळी किंवा रकाने असतील तर प्लॉट-सरफेसचे आर-काउंट (ओळींसाठी), सी-काउंट (रकान्यांसाठी) वाढवा, कारण मुळात ते 50 वरच असतात आणि बाकीचे बिंदू गाळले जातात. सेट-बॉक्स-आस्पेक्टने उभं माप ताणा, नाहीतर 300 मीटर लांबीपुढे 2 मीटर खोली दिसतच नाही.

एवढं करूनही वळणावर शंका वाटली, तर उन्हाळ्यात नाला आटल्यावर तिथे 10-10 मीटरवर आणखी दोन सेक्शन घ्या.