आईचे गुडघे आणि पीटर्सबर्गच्या पायऱ्या

प्रश्न : जूनमध्ये आईला घेऊन सेंट पीटर्सबर्गला जातेय. तिचे गुडघे दुखतात. चार दिवसांत काय पाहावं? – एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, एक अख्खा दिवस पीटरहॉफला, म्हणजे शहराबाहेरच्या झारच्या राजवाड्याला आणि बागेला द्या. तिथली कारंजी पंपाशिवाय चालतात. उंचावरच्या तलावांचं पाणी निव्वळ उतारानं येतं, आणि सॅमसन नावाच्या मोठ्या कारंज्याची धार २० मीटरवर उडते! म्हापशात नळाकडे डोळे लावून बसणारा मी, तासभर तिथून हललो नाही. आईंना बागेत बाकावर बसवा, फिनलंडच्या आखाताचा वारा खाऊ द्या.

हर्मिटाज हे कलासंग्रहालय सोमवारी बंद असतं. सगळं बघायचा हट्ट नको. मी केला आणि दुपारी पाय बोलायला लागले. सेंट आयझॅक कॅथेड्रलच्या २६२ पायऱ्या तुम्ही एकट्याच चढा. १८८१मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरवर जिथे बॉम्ब पडला, तिथलं ‘सेव्हियर ऑन ब्लड’ चर्च मात्र आईंना दाखवाच. आतल्या भिंती मोझाइकनं भरल्यात. फक्त जुन्या गोव्यासारखी बाकांची रांग रशियन चर्चमध्ये नसते, तेव्हा घडीचं स्टूल न्या.

आणि हो, आपली व्हिसा-मास्टरकार्डं तिथे चालत नाहीत. रोकड जवळ ठेवा.