जेवणाच्या थाळीचा मिश्र नमुना पोषकद्रव्यांच्या चाचणीसाठी यंत्राने तयार करता येईल का?

बराचसा येईल, सगळा नाही. वरण, भात, पोळी, भाजी एकत्र दळणं सोपं. ते एकजीव होणं कठीण. केल्डाल पद्धतीने, म्हणजे नमुन्यातला नायट्रोजन मोजून त्यावरून, प्रथिनांचं प्रमाण काढायला जेमतेम 1 ग्रॅम नमुना लागतो आणि तेवढ्यात अख्खी थाळी त्याच प्रमाणात उतरली पाहिजे. साध्या मिक्सरमध्ये पोळीचा गोळा होतो, तेल भांड्याला चिकटतं. त्यापेक्षा नमुना द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांना, गोठवून दळा. तेलकट पदार्थही ठिसूळ होऊन त्यांची भुकटी होते, जीवनसत्त्वंही उष्णतेपासून वाचतात. खोली मात्र हवेशीर हवी, कारण उडालेला नायट्रोजन खोलीतला प्राणवायू कमी करतो; यात अजिबात हयगय नको.

लोह मोजायचं असेल तर पोलादी पातं टाळा, टायटॅनियमचं घ्या. ही चूक फार जण करतात आणि निकाल हातात आल्यावर जागे होतात.

पुढचं वजन, पचन (नमुना आम्लात उकळून विरघळवणं), ऊर्ध्वपातन यंत्र नेटकं करतं. माशाचे काटे, आंब्याची कोय काढणं माणसाकडेच ठेवा. पहिल्या दिवशी एकाच भुकटीच्या 6 वेगळ्या जागांचे नमुने काढून नायट्रोजन मोजा. आकडे जुळले नाहीत तर आधी दळणं सुधारा, मगच पुढचं यंत्र विकत घ्या.