फोटोतून रेषा काढताना: वाचकांचे प्रश्न

आजीच्या पंचाहत्तरीला लाकडी पाटीवर तिचा चेहरा लेझरने कोरून घ्यायचा आहे. फोटो चवथीतला आहे, आजी माटोळीखाली (गणपतीच्या वर बांधतात त्या फळापानांच्या चौकटीखाली) बसलेली. इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये ‘ट्रेस बिटमॅप’ केलं, म्हणजे फोटोच्या आपोआप रेघा काढून घेतल्या, तर नुसते डाग आणि ठिपके आले. कुठली सेटिंग बदलू? (वाचक, डिचोली)

सेटिंग राहू दे, आधी फोटो हातात घ्या. आजीचा गाल कुठला आणि माटोळीतला नारळ कुठला, हे ट्रेस करणाऱ्या प्रोग्रॅमला कळत नाही. त्याला फक्त उजेड आणि काळोख दिसतो. सुपारीचे घड, तोरणाची पानं, भिंतीवरची सावली, सगळ्याची तो सारख्याच निष्ठेने रेघ काढतो. काय गाळायचं हे तुम्ही ठरवायचं आणि ते ट्रेसच्या आधीच ठरवायचं.

फोटो सुधारायचा गिम्प हा प्रोग्रॅम फुकट मिळतो, त्यात फोटो उघडा. आजीचा चेहरा आणि खांदे ठेवून मागचं सगळं पुसून पांढरं करा. फोटो कृष्णधवल करा. मग ‘मीडियन ब्लर’ थोडासाच, तीन-चार पिक्सेलचा, म्हणजे त्वचेवरचा रवाळपणा जाईल पण नाकाची कड राहील. त्यानंतर ‘पोस्टराइझ’ करून छटा चारवर आणा. आता चित्र पडद्यावर टपाल तिकिटाएवढं लहान करून बघा. आजी ओळखू आली तरच पुढे जा. नाही आली तर ‘कर्व्ह्ज’मध्ये उजेड-काळोख कमीजास्त करून पुन्हा बघा. माझा निम्म्याहून जास्त वेळ याच पायरीवर जातो आणि तो जायलाच हवा.

लाकडावर जळालेला भाग आणि कोरं लाकूड, अशा दोन छटा धरून चाला. म्हणून इंकस्केपमध्ये ‘ब्राइटनेस कटऑफ’ घ्या. तिथे आकडा 0.45 असतो. तो 0.35 पासून 0.60 पर्यंत थोडा थोडा वाढवत बघा, आकडा वाढेल तसा काळा भाग वाढतो. ट्रेस झालेलं चित्र मूळ फोटोच्या वरच बसतं, त्यामुळे काहीच झालं नाही असं वाटतं. ते ओढून बाजूला घ्या.

उरलेलं काम हाताचं. बुबुळातला पांढरा ठिपका ट्रेसमध्ये हमखास जातो आणि त्याच्याशिवाय डोळा मेलेला दिसतो, तो स्वतः काढा. केसांतल्या वळेसराची सगळी आबोली नको, तीन-चार फुलांच्या कडा पुरेत. डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या, हसताना पडणाऱ्या सुरकुत्या ठेवा. त्या पुसल्या तर पाटीवर दुसरीच कुणी बाई येईल. शेवटी रेघा सोप्या, गुळगुळीत करणारं ‘सिम्प्लिफाय’ एकदाच वापरा, फार तर दोनदा. त्यापुढे चेहरा मेणासारखा वितळायला लागतो.

फोटो व्हॉट्सअॅपवरून आला असेल तर ज्याने काढला त्याच्याकडून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा मागवा. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो वाटेत दाबला जातो आणि त्या दाबाचे चौकोनी डाग ट्रेसमध्ये उतरतात.

जेपीजी फोटो उघडून एसव्हीजी म्हणून सेव्ह केला. झाला ना व्हेक्टर? (वाचक, मडगाव)

नाही. व्हेक्टर म्हणजे पिक्सेलऐवजी रेघा आणि आकारांनी बनलेलं चित्र. तुमच्या एसव्हीजीच्या पाकिटात तोच फोटो बसला, एवढंच झालं. खूप मोठा करून बघा, चौकोन दिसले की समजा आत पिक्सेलच आहेत. पीडीएफचंही तसंच.

मंगेशीच्या दीपस्तंभाचा फोटो ट्रेस करून स्टिकर कापायला दिला. मशीनने प्रत्येक रेघ दोनदा कापली आणि सगळं सुटून आलं. (वाचक, फोंडा)

साध्या ट्रेसमध्ये रेघ ही रेघ नसते, तो एक लांबट भरीव आकार असतो आणि त्याला दोन कडा असतात. कटर कडेने चालतो, म्हणून दोनदा कापतो. रेघेच्या मधोमध एकच मार्ग हवा असेल तर ‘सेंटरलाइन ट्रेस’ वापरा. इंकस्केपमध्ये तो 1.0 पासून आहे, कोरलड्रॉच्या ‘पॉवरट्रेस’मध्येही आहे. पण तो रेखाचित्रासाठी आहे, फोटोवर चालवलात तर गुंताच मिळेल.

तुमच्या जागी मी ट्रेस केलाच नसता. वास्तू माणसाने मोजून बांधलेली असते, तिला स्वतः रेघ आखायचा ‘पेन टूल’च शोभतो. खालून काढलेल्या फोटोत स्तंभ वर निमुळता होत गेलेला दिसतो. त्यातला थोडा त्याचा स्वतःचा, बाकीचा कॅमेऱ्याच्या कोनाचा. शक्य तितक्या दुरून पुन्हा फोटो काढा आणि उरलेला कोन गिम्पच्या ‘पर्स्पेक्टिव्ह’ने सरळ करा. मग एका मजल्याची डावी बाजू काढा, आरशासारखी उलटवून उजवी जोडा, आणि तो मजला सातदा घेऊन प्रत्येकाचं माप फोटोवर बसवा. एका संध्याकाळचं काम आहे आणि कमानी खऱ्या कमानींसारख्या दिसतील.

शिगमोच्या रोमटामेळासाठी (ढोल-ताशाच्या मिरवणुकीसाठी) टी-शर्ट छापायचे आहेत. बोधचिन्हाची फाइल हरवली, जुन्या बॅनरचा फोटो तेवढा आहे. ट्रेस केल्यावर पथकाच्या नावातले अनुस्वारच गेले. (वाचक, पणजी)

ठिपके काढून टाकणारी ‘स्पेकल्स’ची चाळणी असते, तिला अनुस्वार आणि धूळ सारखीच. पण अक्षरं ट्रेस करूच नयेत. वेलांटीचा बाक, शिरोरेषेची जाडी, सगळं डळमळतं आणि आपल्या लिपीची अशी दशा बघवत नाही. ‘मुक्त’ किंवा ‘बालू’सारखा मोफत युनिकोड फॉन्ट घेऊन नाव नव्याने टाइप करा. छापखान्यात जुनं कोरलड्रॉ असेल तर जोडाक्षरं फुटतात, म्हणून देण्याआधी अक्षरांचे ‘कर्व्ह्ज’, म्हणजे नुसते आकार, करा आणि त्याआधी नाव दोघांकडून वाचून घ्या, नंतर दुरुस्ती होत नाही. स्क्रीन प्रिंटिंगला प्रत्येक रंगाची वेगळी चौकट लागते. तेव्हा ढोल-ताशाच्या चित्राला ट्रेसमध्ये तीनच रंग द्या.

आमच्या कुळाच्या देवळात कावीची जुनी चित्रं आहेत, चुना पोपडे धरून पडतो आहे. जत्रेच्या पत्रिकेवर त्यातलं एक घ्यायचं आहे. (वाचक, पेडणे)

हा प्रश्न आला याचा फार आनंद झाला. कावी म्हणजे ओल्या चुन्यावर तांबड्या रंगाचा थर देऊन तो खरवडत आतला पांढरा उघडा करायचा. दोनच रंग, ठाम कडा. ट्रेससाठी याहून योग्य मूळ क्वचितच मिळतं.

ढगाळ दिवशी, भिंतीसमोर अगदी सरळ उभं राहून, फ्लॅश न लावता फोटो काढा. गिम्पमध्ये ‘डीकंपोज’ने लाल, हिरवा, निळा असे तीन भाग वेगळे करा आणि हिरवा ठेवा. तांबडा रंग तिथे गडद दिसतो आणि चुना उजळ. शिवाय भिंतीवरचं शेवाळ लाल भागापेक्षा इथे फिकं पडतं. निळ्यातही तांबडा गडद दिसतो, पण जेपीजीच्या दाबाची घाण तिथे जास्त असते. मग ‘ब्राइटनेस कटऑफ’ने एकाच छटेचा ट्रेस घ्या आणि ‘स्मूथ कॉर्नर्स’ अगदी कमी ठेवा. खरवडणाऱ्या हाताची टोकं तीक्ष्ण असतात, ती गोल झाली की कावीचं रूप जातं. नक्षीत कंपासने काढलेलं वर्तुळ असेल तर ट्रेसवर विसंबू नका, तिथे नवं वर्तुळ काढा.

फाइली मात्र दोन करा. पत्रिकेच्या फाइलमध्ये पडलेले तुकडे जोडा, हवं तर रेघ पुरी करा. दुसरीत काहीच जोडू नका, भिंतीवर आज जेवढं उरलं आहे तेवढंच राहू द्या. तिच्यासोबत मूळ फोटो, तारीख आणि ती भिंत देवळाच्या कुठल्या बाजूची हे लिहून ठेवा, आणि एक प्रत देवस्थान समितीकडे द्या. पत्रिका छापायला वेळ आहे, पण फोटो याच आठवड्यात काढा.